पंच कुठे उभा राहतो?

एप्रिल-मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की गुहागर तालुक्यात वाडीवाडीतून क्रिकेटचे सामने लागतात. भात कापून रिकामे झालेले मळे, सड्यावरची सपाट जागा, ओहोटीला मोकळी होणारी किनाऱ्याची वाळू, जिथे जागा मिळेल तिथे स्टंप ठोकले जातात. आपल्या बौद्धवाड्यांतील तरुण मंडळेही यात मागे नाहीत. मंडप, लाऊडस्पीकर, पाहुण्यांचे सत्कार, चषक, रोख बक्षिसे, सगळ्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते. वर्गणीची पावतीपुस्तके परळ, नायगाव, वरळीपर्यंत फिरतात. आणि सामन्याच्या दिवशी सकाळी कोणाला तरी आठवते की, पंच ठरवायचा राहिला! मग बॅटिंग करणाऱ्या संघातलाच एखादा, ज्याची पाळी उशिरा येणार आहे असा गडी, हातात सहा खडे घेऊन स्टंपामागे उभा राहतो.

पुढे काय होते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. शेवटच्या षटकात धावबादचे अपील होते. पंच स्वतःच्या भावाला नाबाद देतो. कदाचित तो खरोखर नाबाद असतोही, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? मैदानातला वाद मंडपात येतो, मंडपातून वाडीत जातो आणि एका चेंडूपायी दोन वाड्यांचे लग्नकार्याला जाणे-येणे थांबते. ज्या बायामाणसांनी तो सामना पाहिलाही नाही त्यांना पुढे वर्षभर ते निस्तरावे लागते.

खेळाडू कोण, कप्तान कोण, याची आपण जेवढी चर्चा करतो त्याच्या दहावा हिस्साही पंचांची करत नाही. पंच म्हणजे नियम पाठ असलेला माणूस, एवढीच आपली समजूत. प्रत्यक्षात नियम पाठ असणे ही पहिली पायरी झाली. पंचाने उभे कुठे राहायचे, कधी हलायचे, कधी थांबायचे आणि जोडीदार पंचाबरोबर काम कसे वाटून घ्यायचे, ही एक पूर्ण विद्या आहे. ती सगळ्यात रेखीव स्वरूपात पाहायची असेल तर सॉफ्टबॉलच्या पंचांकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

हा खेळ आपल्याकडे कबड्डी-क्रिकेटसारखा घरोघरचा नाही. पण महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत तो आहे आणि मुलामुलींच्या तोंडून त्याचे नाव अधूनमधून कानावर येते. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात बेसबॉलचा घरात खेळायचा प्रकार म्हणून त्याची सुरुवात झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा खेळ म्हणून त्याला प्रवेश मिळाला, २००८ नंतर तो वगळला गेला, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत परत आला, पॅरिसला पुन्हा नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात त्याला पुन्हा स्थान मिळाले आहे.

खेळ थोडक्यात असा. मैदानाच्या एका कोपऱ्यात होम प्लेट. तिथून पहिला, दुसरा, तिसरा असे तीन बेस आणि पुन्हा होम प्लेट, मिळून एक चौकोन. प्रत्येक बाजू ६० फुटांची. हा चौकोन कोपऱ्यावर उभा दिसतो म्हणून त्याला डायमंड म्हणतात. मध्ये पिचर उभा राहून खालून हात फिरवून चेंडू टाकतो. महिलांच्या सामन्यात हे अंतर ४३ फूट. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा, घेर १२ इंच. बॅटरने चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावायचे. चारही ठिकाणांना क्रमाने स्पर्श करून होम प्लेटला परत आला की एक धाव. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. दोन्ही संघांच्या सात-सात पाळ्या.

आता पंचाची अडचण लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये धावा दोन टोकांमध्येच निघतात. इथे चार ठिकाणे आहेत आणि एकाच चेंडूवर तीन धावक तीन दिशांना पळू शकतात. चांगली खेळाडू पहिला बेस तीन सेकंदांच्या आसपास गाठते. तेवढ्यात चेंडू अडवला जातो, फेकला जातो, झेलला जातो. बाद की सेफ, हा फरक डोळ्याच्या पापणीएवढा. आणि एवढ्या पसाऱ्यावर लक्ष ठेवायला बहुतेक सामन्यांत पंच असतात फक्त दोन. मोठ्या स्पर्धांत तीन किंवा चार.

दोघांपैकी एक प्लेट अंपायर. तो कॅचरच्या मागे, मुखवटा आणि छातीवर संरक्षक पॅड घालून उभा राहतो. अगदी मधोमध नाही. कॅचरचे डोके आणि बॅटर यांच्यामध्ये जी फट असते त्या फटीतून तो पाहतो, म्हणजे होम प्लेट पूर्ण दिसते. चेंडू प्लेटच्या वरून, बॅटरच्या काखा आणि गुडघ्यांचा वरचा भाग यांच्या मधून गेला की स्ट्राइक. चेंडू येताना डोके हलवायचे नाही, फक्त डोळे फिरवायचे. डोके हलले की चेंडूच हलल्यासारखा दिसतो. शेवटच्या चेंडूपर्यंत उठाबशा काढत हे करायचे म्हणजे मांड्यांची परीक्षाच असते.

दुसरा बेस अंपायर. एकही धावक बेसवर नसेल तेव्हा तो पहिल्या बेसच्या मागे पाच-सहा मीटरवर, रेषेच्या बाहेरच्या अंगाला उभा राहतो. त्याचे पुढचे सगळे हलणे एका साध्या तत्त्वावर चालते. चेंडू डायमंडच्या आत राहिला तर पंच बाहेर. चेंडू डायमंडच्या बाहेर, लांब मैदानात गेला तर पंच धावत आत. कारण उघड आहे. चेंडू आत असताना पंचही आत घुसला तर तो फेकीच्या वाटेत येणार. आणि चेंडू लांब गेला की धावक चौकोनाच्या कडेने पळत सुटतात. अशा वेळी मधे उभा असलेला माणूस जागच्या जागी वळून प्रत्येक बेस पाहू शकतो. बाहेर राहिला तर त्याला धावकांच्या मागे तेवढेच अंतर पळावे लागेल आणि त्यात तो हरणारच. छाती नेहमी चेंडूच्या दिशेला ठेवायची आणि धावकाने बेसला पाय लावला की नाही ते मान वळवून पाहायचे. चेंडूकडे पाठ करणारा पंच त्या क्षणापुरता आंधळा असतो.

आमच्या मते या सगळ्या विद्येचा गाभा आहे तो कोनात. लोकांना वाटते, पंच जितका जवळ तितके त्याला चांगले दिसते. तसे नाही. क्षेत्ररक्षकाच्या पाठीमागे तीन फुटांवर उभ्या असलेल्या पंचाला क्षेत्ररक्षकाची पाठ दिसते, बाकी काही नाही. वीस फुटांवरून पण योग्य कोनातून पाहणाऱ्याला हातमोजा, धावकाचा पाय आणि दोहोंमधली फट, तिन्ही दिसतात.

हे घरच्या घरी करून पाहता येते. जमिनीवर स्टीलचे दोन पेले एकामागे एक, मधे दोन बोटांचे अंतर ठेवून मांडा. मुलाला समोर, दोन्ही पेल्यांच्या सरळ रेषेत, नजर पेल्यांच्या उंचीवर येईल असे बसवा. विचारा, पेले चिकटले आहेत की सुटे? त्याला एकच पेला दिसेल, सांगता येणार नाही. आता त्याला उठवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पण बाजूला बसवा. लांबूनही तो लगेच सांगेल, सुटे आहेत. पंच धावतो तो जवळ जाण्यासाठी नव्हे, बाजूला जाण्यासाठी. क्रिकेटचा चांगला पंचही धावबादच्या वेळी स्टंपामागे खिळून राहत नाही. चेंडू ज्या अंगाला मारला गेला त्या अंगाला सरकून तो रेषेच्या आडव्या बाजूने पाहतो. आपल्या मळ्यातल्या सामन्यांत किती पंच एवढे तरी करतात?

कोन मिळाला की थांबायचे. ही दुसरी गोष्ट, आणि नवख्या पंचांना हीच सर्वांत जड जाते. धावता धावता दिलेला निर्णय हा हलत्या एस.टी.तून पाटी वाचण्यासारखा असतो. दोन पावले कमी पडली तरी चालतील, पण खेळाडूच्या अंगाला चेंडू लागण्याच्या क्षणी पंचाचे पाय जमिनीवर स्थिर हवेत. पहिल्या बेसवर तर डोळे आणि कान वेगवेगळी कामे करतात. डोळे बेसवर, धावकाच्या पायाकडे. आणि चेंडू हातमोज्यात बसल्याचा आवाज ऐकायला कान. आधी काय, पाय की आवाज? त्यानंतर क्षणभर थांबायचे. चेंडू हातमोज्यातून निसटला नाही ना ते पाहायचे. मगच मूठ वर करून आऊट किंवा दोन्ही हात पसरून सेफ. घाईत आऊट म्हटले आणि मागून चेंडू जमिनीवर लोळताना दिसला, तर त्या पंचाचे त्या दिवशी पुढे कोणी ऐकत नाही.

आता जोडीचे काम. समजा, पहिल्या बेसवर धावक आहे आणि बॅटरने चेंडू लांब उजवीकडे मारला. आधीचा धावक दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे निघाला, बॅटर पहिल्याकडे धावतोय. बेस अंपायर एकटा दोन्हीकडे कसा पुरणार? म्हणून प्लेट अंपायर मुखवटा काढतो, चेंडू फाऊल नाही ना याची खात्री करतो आणि तिसऱ्या बेसकडे निघतो. जाताना तोंडाने मोठ्याने सांगतो की, तिसरा मी पाहतो. बेस अंपायरने ते ऐकले की तो तिसऱ्याची काळजी सोडतो आणि बॅटरकडे, पहिल्या-दुसऱ्या बेसकडे लक्ष देतो. तिसऱ्याचे नाट्य संपले की प्लेट अंपायर पुन्हा होम प्लेटकडे परततो. धावक नसताना साधा जमिनीवरचा फटका आला, तरी तो मागे स्वस्थ उभा राहत नाही. बॅटरच्या मागोमाग पहिल्या बेसच्या रेषेने थोडा पुढे येतो, कारण तिथे जोडीदाराला न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी त्याला दिसतात: बेसवरच्या खेळाडूचा पाय चेंडू घेताना बेसवरून सुटला का, धावक फेकीच्या आड आला का, चेंडू निसटून मैदानाबाहेर गेला का.

चार पंच असले की हीच वाटणी अधिक सुंदर दिसते. प्रत्येक बेसला एक. पण एखादा पंच उंच उडालेल्या चेंडूचा झेल पाहायला लांब मैदानात धावला की त्याची जागा ओस पडते. तेव्हा उरलेले तिघे न बोलावता सरकतात आणि चौघांचे काम तिघांत वाटले जाते. कोणाला हुकूम द्यावा लागत नाही. आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत खुर्ची सोडून गेलेल्याचे काम असे आपोआप दुसरा उचलताना फारसा दिसत नाही, हे जाता जाता.

हे सगळे आयत्या वेळी सुचत नाही. सामन्याआधी दोन्ही पंच दहा-पंधरा मिनिटे बाजूला उभे राहून बोलतात. त्या मैदानाची कुंपणे, झाडे, खड्डे पाहतात. चेंडू अमक्या ठिकाणी गेला तर काय, ते दोन्ही कप्तानांना सांगतात. झेल कोणी पाहायचा, तिसऱ्यावर कोणी जायचे, हे पुन्हा एकदा ठरते. खुणा ठरतात. एक खूण विशेष महत्त्वाची. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक आहेत, दोन गडी अजून बाद झालेले नाहीत, आणि बॅटरने चेंडू आतल्या आत उंच उडवला. सोपा झेल. धावक झेल होणार म्हणून बेसवरच थांबतात. अशा वेळी लबाड क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडतो, चेंडू उचलतो आणि आता धावणे भाग पडलेल्या दोघांना बाद करतो. ही लबाडी होऊ नये म्हणून नियम असा की, असा चेंडू उडाला की पंचाने तो हवेत असतानाच बॅटरला बाद जाहीर करायचे. मग झेल सोडून फायदा नाही. ही स्थिती आली की दोन्ही पंच चेंडू टाकण्यापूर्वीच एकमेकांना ठरलेली खूण करतात: लक्षात आहे ना? दुर्बळ स्थितीत अडकलेल्याला फसवून मारता येऊ नये यासाठी केलेला हा नियम आम्हाला फार आवडतो.

मतभेद झाला तर? सॉफ्टबॉलच्या नियमात हे स्पष्ट आहे की, एका पंचाचा निर्णय दुसऱ्या पंचाने परस्पर बदलायचा नाही, त्यावर टीकाही करायची नाही. मात्र ज्याने निर्णय दिला तो स्वतः जोडीदाराला विचारू शकतो. बॅट अर्धी फिरली की पूर्ण, हे मागे उभ्या असलेल्या प्लेट अंपायरला नेहमी कळत नाही. तो बोट दाखवून बेस अंपायरला विचारतो आणि तो सांगेल ते मानतो. विचारल्याने त्याची पत कमी होत नाही. न विचारता मधे पडणाऱ्याने मात्र दोघांचीही पत घालवली, असे समजतात.

कबड्डीत हेच वेगळ्या रीतीने आहे आणि ते आपल्या ओळखीचे आहे. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक गुणलेखक. पंच दोन्ही बाजूंना रेषेलगत, चढाई करणाऱ्याबरोबर पुढेमागे सरकणारे. म्हणजे एकाला चढाईपटूची पाठ दिसत असेल तेव्हा दुसऱ्याला त्याचा हात दिसतो. सहायक गुणलेखक मागच्या रेषांवर नजर ठेवतात आणि बाद झालेल्यांना क्रमाने बसवतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, चढाई ३० सेकंदांची. बचाव करणारे किमान सहा असतील तरच बोनस. आता हे सगळे एकट्या शिट्टीवाल्याने पाहायचे म्हटले तर पाय रेषेबाहेर आधी गेला की हात आधी लागला, हे देवही सांगू शकणार नाही. आणि देवावर आपण काही सोपवतही नाही. दोन पंचांचे जुळले नाही तर सरपंच निर्णय देतो. आपल्या मंडळांनी कबड्डीच्या सामन्यात सहा माणसे ठेवायची आणि क्रिकेटच्या सामन्यात बॅटिंगवाल्यांचा एक गडी, हा न्याय कोणता?

सॉफ्टबॉलच्या प्लेट अंपायरच्या खिशात एक छोटा ब्रश असतो. होम प्लेटवर माती साचली की खेळ थांबवून तो स्वतः वाकून ती झाडतो, आणि वाकताना पाठ मैदानाकडे करतो, प्रेक्षकांकडे नाही. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधला गेला तो त्यांच्या पावलांची खूण पुसण्यासाठी. इथे झाडू ज्याच्या हातात त्याचाच शब्द अखेरचा. साधने तीच असतात, ती कोणाच्या हातात कशासाठी आहेत यावर सगळे अवलंबून.

न्याय देण्याच्या जागेशी आपले नाते जुने आहे आणि विचित्रही. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष घेतली जाई, कारण गावाची शीव त्याच्या पायाखालची. रेषा कुठून जाते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. पण साक्ष देऊन झाली की तो बाजूला उभा, आणि पंचांच्या घोंगडीवर बसलेले दुसरेच. पाहणारा एक आणि ठरवणारा दुसरा.

खेळाच्या मैदानावरही तेच झाले. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले थोर डावखुरे गोलंदाज. कोकणातल्या पळवण गावाचे नाव त्यांच्या आडनावात आहे. पुण्यात उच्चवर्णीयांच्या संघात ते खेळत तेव्हा त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू जिमखान्याच्या संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, १९२३ साली, तेही बरेच वाद झाल्यावर. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. पण खेळाडू म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही. त्यांच्या हातात चेंडू दिला गेला, निर्णय नाही. राबायला बोलवायचे आणि ठरवताना वगळायचे, ही रीत फक्त शेतातली नव्हती.

तटस्थ पंचांचा प्रश्न तर मोठ्या देशांनाही सुटायला फार वर्षे लागली. ज्या देशात सामना, त्याच देशाचे पंच, ही क्रिकेटची जुनी पद्धत. म्हणजे बॅटिंगवाल्यांचाच गडी, फक्त कोट घातलेला. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्या कसोटीला दोघांचाही नसलेला पंच हवा म्हणून भारतातून दोन पंच बोलावले गेले, मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. भारताचे पंच पाकिस्तानात, आणि तेही पाकिस्तानच्याच विनंतीवरून! त्यानंतर १९९४ पासून कसोटीत एक तटस्थ पंच आला आणि २००२ पासून दोन्ही. एवढ्या श्रीमंत खेळाला जे इतक्या उशिरा सुचले ते गुहागरच्या मंडळांनी एका उन्हाळ्यात करायला हरकत नाही. अ वाडी आणि ब वाडीचा सामना, पंच क वाडीचे. पैसाही लागत नाही.

आपल्या परंपरेत तर याचे शास्त्र अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले की, बैठकीचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, हे सारे भिक्खूसंघाला माहीत होते. संघात मतभेद झाला की शलाका म्हणजे काड्या वाटून मत घेत. त्या काड्या वाटणारा भिक्खू कसा असावा, हे विनयात सांगितले आहे. तो चार अगतींना जाणारा नसावा: छंद म्हणजे आपल्या माणसाचा ओढा, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अजाण असणे, आणि भय. पाचवा गुण फार व्यावहारिक आहे. कोणती शलाका घेतली गेली आणि कोणती नाही, हे त्याला ठाऊक असावे. म्हणजे मोजणी चोख हवी. सॉफ्टबॉलचा पंच हातात एक छोटे यंत्र धरून दर चेंडूला बॉल, स्ट्राइक, आऊट मोजत राहतो, आपला पंच सहा खडे एका हातातून दुसऱ्या हातात घेतो, ती हीच पाचवी गोष्ट.

या चार अगती सिगालोवाद सुत्तात गृहस्थांसाठीही आल्या आहेत, त्यामुळे त्या केवळ भिक्खूंच्या म्हणून सोडून देता येत नाहीत. मैदानावर त्या डोळ्यांनी दिसतात. भावाला नाबाद देणे हा छंद. गेल्या वर्षी ज्याच्याशी भांडण झाले त्याला पायचीत देणे हा दोस. वाईड आणि नो बॉलमधला फरक न समजता हात पसरणे हा मोह. आणि मंडपात बसलेले दहा जण ओरडले म्हणून दिलेला निर्णय फिरवणे हे भय. चारपैकी मोह अभ्यासाने जातो. भय जायला जोडीदार लागतो. दोन पंच एकमेकांकडे पाहून उभे असले की मंडपातला आरडाओरडा निम्मा ऐकू येतो.

तेव्हा येत्या हंगामासाठी मंडळांनी काही गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पंच आधी ठरवा, पाहुणे नंतर. दोघे घ्या आणि ते दोघे शक्यतो सगळ्या सामन्यांत एकत्र राहू द्या, कारण जोडी जमायला दोन-चार सामने जातात. त्यांना मानधन द्या. चषकाच्या उंचीतून चार बोटे कमी झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. सामन्याच्या आधी त्यांना मैदान फिरून पाहू द्या. आमच्याकडच्या मैदानात एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला काजूची झाडे, तिसऱ्या बाजूला कोणाची तरी विहीर. चेंडू बांधावर आपटला तर चार की दोन, झाडाला लागून झेल घेतला तर बाद की नाही, हे आधी लाऊडस्पीकरवरून जाहीर करा. निम्मी भांडणे इथेच संपतील. सीमारेषेवर चुन्याची फक्की ओढा. नारळाच्या झावळ्या आणि चपला ठेवून केलेली सीमारेषा वाऱ्याने आणि क्षेत्ररक्षकाच्या पायाने सरकते, हे सर्वांना ठाऊक आहे.

आणि पंच म्हणून मुलींनाही उभे करा. ऑलिंपिकमधला सॉफ्टबॉल हा मुलींचाच खेळ आहे. पंचाच्या कामात खांद्याचे बळ लागत नाही; नजर, पाय आणि डोके थंड ठेवणे लागते. दहावी-बारावीच्या मुली गुणलेखन आजही करतात, पण मंडपात वही घेऊन बसवल्या जातात. वहीवरून मैदानात यायला पंधरा पावले आहेत. पहिल्या सामन्यात लोक हसतील. एखादा चाकरमानी काका शेराही मारील. तिने दोन धावबाद योग्य कोनातून दिले की तोच काका दुसऱ्या सामन्याला तिलाच बोलवा म्हणून सांगेल.

ज्यांना यात पुढे जायचे आहे त्यांनी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आणि रत्नागिरीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावे. खेळांच्या संघटना पंचांच्या परीक्षा घेतात, त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक असे भाग असतात. खेळाडूचे वय तिशीच्या पुढेमागे संपते, पंचाचे तिथून सुरू होते. गुडघे दुखावल्याने कबड्डी सुटलेले किती तरी तरुण आपल्याकडे आहेत, जे आता फक्त कट्ट्यावर बसून जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगतात. मैदानाचे त्यांच्याइतके ज्ञान कोणाला आहे?

सराव कसा करावा, हेही सोपे आहे. दोघांनी संध्याकाळी रिकाम्या मैदानात जावे. एकाने चेंडू फेकावा, दोन पोरांनी धावावे, दुसऱ्याने जागा घ्यावी. प्रत्येक वेळी निर्णय देण्याआधी मोठ्याने सांगावे: मी इथे का उभा आहे. कारण सांगता आले नाही तर जागा चुकली. असे पन्नास वेळा केले की पाय आपोआप कोनाकडे वळू लागतात. आरशासमोर आऊट आणि सेफच्या खुणा कराव्यात. हात अर्धवट वर गेला की लोकांना शंका दिसते आणि शंका दिसली की अपील वाढते.

सामना संपल्यावर सॉफ्टबॉलचे पंच एकत्र मैदानाबाहेर पडतात. जिंकलेल्या संघाच्या मंडपात चहाला थांबत नाहीत, हरलेल्यांना समजावत बसत नाहीत. बाजूला जाऊन दोघेच बसतात आणि तिसऱ्या पाळीतल्या त्या चेंडूला तू कुठे होतास, मी कुठे होतो, ते मातीत काडीने रेघा ओढून एकमेकांना दाखवतात.